लेखी कराराचा देव

अणदूरच्या खंडोबाची देवळं दोन आणि मूर्ती एकच. वर्षाचे सव्वादहा महिने देव अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने शेजारी, नळदुर्गाच्या मैलारपुरात. मार्गशीर्ष लागला की पालखी निघते. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा मैलारपुरात भरते आणि ती झाली की देव पुन्हा अणदूरला येतो. या नेण्याआणण्याचा दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये करार होतो आणि तो चक्क लेखी असतो.

सोलापुरात एका मैत्रिणीने मला हे सांगितलं. तिचं माहेर अणदूरचं. मी हातातला ब्रश धुऊन ठेवला आणि म्हटलं, पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितलं. देव कधी जाणार, कधी येणार, कोण नेणार, सगळं आधी ठरलेलं आणि कागदावर उतरलेलं. आयुष्यभर मी घरच्यांकडे, शिक्षकांकडे, पुढे कामाच्या ठिकाणी साहेबांकडे नेमकं हेच मागत आले आहे.

मी चित्रं काढते आणि मी स्वमग्न आहे. निदान झालं ते तिशी उलटल्यावर. तोवर मला हट्टी, विक्षिप्त, माणूसघाणी अशी बरीच नावं मिळाली होती. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा स्वमग्न मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. सगळं जसंच्या तसं राहावं, ही त्या मुलांची ओढ त्यांनी ठळक नोंदवून ठेवली आहे. आज घराघरांत त्या ओढीला हट्टच म्हणतात. आणि चित्रकलेच्या जगात तर त्याहून कठीण. कलावंत कसा मोकळा असावा, मनस्वी असावा, आज इथे तर उद्या तिथे! मला उद्याचं आज कळलेलं नसेल तर माझा हात कागदावर चालत नाही. मग मी कलावंत कसली, हा प्रश्न मी बरीच वर्षं मनात बाळगला. म्हणून मला अणदूरला जायचं होतं. नेमाने चालणाऱ्या देवाचं गाव मला बघायचं होतं.

मैत्रिणीने मला प्रवासाचा तपशील लिहून दिला. गाडी कुठल्या फलाटावर लागते, मध्ये कुठली गावं येतात, उतरल्यावर कुठल्या हाताला वळायचं, घरात कोण कोण आहे, जेवायला काय असेल. सोलापूरचं एसटी स्टँड मला एरवी सोसत नाही. लाउडस्पीकर, हॉर्न, डिझेलचा वास, धक्के आणि कुणाच्या तरी पिशवीतली मेथी, सगळं एकदम अंगावर येतं. इतरांच्या कानांना नको तो आवाज मागे ढकलता येतो म्हणे. माझ्याकडे सगळे आवाज एकाच रांगेत उभे राहतात. कानांवर आवाज अडवणारे हेडफोन लावले, खिडकीची जागा धरली आणि हातात तो कागद ठेवला. बोरामणी. तांदूळवाडी. इटकळ. कागदावरचं नाव रस्त्याच्या पाटीवर दिसलं की छाती एकेक पायरी खाली उतरायची. बाहेर काळ्या रानात ज्वारी गुडघ्याच्या वर आली होती, मधूनमधून हरभरा, बांधाला तुरीच्या शेंगा. फुलवाडीचा टोलनाका गेला आणि अणदूर आलं.

लोकांना वाटतं, कागद धरून प्रवास करणाऱ्या माणसाला काही दिसत नसणार. मला मात्र दिसतं ते कागदामुळेच. पुढे काय, ही धास्ती मिटली की डोळे मोकळे होतात. त्या प्रवासात ज्वारीच्या पानाची मधली पांढरी शीर मी इतकी नीट पाहिली की नंतर ती तशीच्या तशी काढली.

हे माझ्यात आलं कुठून, ते सांगायला हवं. वडील सोलापुरात चादरींच्या कारखान्यात कामाला होते. जेकार्ड मागावर चादरीची नक्षी पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर आधी भोकं पाडून लिहिलेली असते. जिथे भोक, तिथला ताणा वर उचलला जातो. जिथे भोक नाही, तिथला खाली राहतो. पत्ते एकमेकांना दोऱ्याने ओवलेले, त्यांची माळ मागाच्या माथ्यावर फिरत असते आणि खाली चादरीत मोर उमटत असतो. लहानपणी मी तासन्‌तास त्या पत्त्यांकडे बघत बसायची. चादरीकडे बघायचं सोडून ही पोर पुठ्ठ्याला काय बघते, असं कामगार म्हणायचे. मोर त्या भोकांमध्ये आधीच होता, मला तो तिथेच दिसायचा. आजही माझी चित्रं तशीच बनतात. पांढऱ्या कागदावर आधी बारीक चौकटी आखते, मग एकेक चौकट भरत जाते. आरंभी सगळं ठरलेलं असतं, तरी शेवटी जे दिसतं ते मलाही नवं असतं.

गाडीतून उतरल्यावर मैत्रिणीचा भाऊ न्यायला आला होता. त्याला सांगून ठेवलेलं होतं, त्यामुळे त्याने हात पुढे केला नाही, माझी पिशवीही ओढून घेतली नाही. "ताई, हळूहळू चला. आधी घरी जाऊ, मग देवळाकडं," एवढंच म्हणाला. मला फार बरं वाटलं.

देवळात त्या दुपारी गर्दी कमी होती. पालखी दुसऱ्या रात्री निघायची होती. खंडोबाच्या देवळात गेलं की पहिल्यांदा दिसतो तो पिवळा. भंडारा माथ्यावर, भिंतीला, उंबऱ्यावर, नारळाच्या शेंड्यांवर. मी एका पायरीपाशी बसले आणि तीच पायरी काढायला घेतली. दगडाच्या सांध्यात हळद दाबून बसली होती. वरची कोरडी आणि फिकट, आतली तेलपाण्याने भिजून शेंदराकडे झुकलेली, अगदी तळाशी जवळजवळ तपकिरी. एका बोटाच्या रुंदीत तीन पिवळे. कोणी तरी तळी भरली. ताम्हन उचलताना "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं, भंडारा उधळला आणि त्यातली चिमूटभर माझ्या ओल्या शाईवर पडली. काळ्या रेषेच्या कडेला हळद चिकटली आणि पसरली. मी पुसली नाही. त्या चित्रात खरी हळद आहे आणि अजून तिचा वास येतो.

एक म्हातारी बाजूला येऊन उभी राहिली. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "समदं देऊळ सोडून पायरीच काढालीस व्हय?"

"हो," मी म्हटलं.

"बरं हाय. समदे हितनंच तर जातेत."

माझ्या चित्रांबद्दल शिकल्यासवरल्या माणसांनी पुष्कळ लिहिलं-बोललं आहे. हे वाक्य मी वहीत त्या पायरीखाली लिहून ठेवलं.

संध्याकाळी घरातल्या आजींनी देवघरातला टाक काढून माझ्या हातात दिला. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला खंडोबा, तळहातात मावेल एवढा. घोड्यावर स्वार, हातात तलवार, पुढ्यात म्हाळसा, खाली कुत्रा. पिढ्यान्‌पिढ्या दूध-पाण्याने न्हाऊन, हळदीने माखून, पुन्हा पुसून देवाचा चेहरा झिजून गेला होता. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता एक गुळगुळीत उंचवटा. घोड्याचे पाय मात्र धारदार राहिलेले, कारण पुसणारं बोट तिथपर्यंत पोचत नाही. दिव्याजवळ टाक कलता केला की झिजलेल्या जागी उजेड साचायचा आणि कोरलेल्या रेषेत काळोख. मी तो काढत बसले. जेवायची वेळ झाली तेव्हा आजींनी माझं ताट तिथेच आणून ठेवलं. भाकरी, दही, शेंगाची चटणी. मी रोज तेच खाते, हेही त्यांना आधी सांगितलेलं होतं. "आगं, रोज त्येच खाती म्हंजी काय झालं? आमी बी रोज भाकरीच खातो की," त्या सुनेला म्हणाल्या, आणि विषय संपला.

तो घोडा काढताना मला नादिया आठवत होती. इंग्लंडात नॉटिंगहॅमला १९६७ साली जन्मलेली मुलगी. जवळजवळ बोलत नसे. पण तीन-साडेतीन वर्षांची असल्यापासून साध्या बॉलपेनने घोडे काढायची, धावते, वळलेले, स्वारासकट, आणि रेषा अशी की मोठ्या चित्रकारांनी थबकावं. लॉर्ना सेल्फ यांनी १९७७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा ती जगाला माहीत झाली. पुढे ती थोडं बोलू लागली, शाळेत रुळली आणि तिचं चित्र मागे पडत गेलं. २०१५ मध्ये ती गेली. तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण एकच वाद घालतात, भाषा आली म्हणून चित्र गेलं का? त्याचं उत्तर शास्त्रज्ञ शोधोत. मला वेगळंच टोचतं. बोलायला शिकवण्यासाठी तिच्याभोवती एवढी माणसं होती. घोडा काढण्यासाठी रोजची ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि ठरलेलं पेन तिला मोठेपणी मिळत राहिलं असतं तर? चित्र कुठून तरी आपोआप येतं, असं मानलं की त्याची निगा राखायची जबाबदारी कुणावर येत नाही.

दुसरं उदाहरण लोक मला नेहमी देतात ते स्टीफन विल्टशायरचं. लंडनचा, १९७४चा जन्म. हेलिकॉप्टरमधून एकदा शहर बघतो आणि मग टोकियो, रोम अशी शहरं आठवणीतून खिडकीन्‌खिडकी काढतो. थोर माणूस आहे. पण त्याच्यामुळे प्रत्येक स्वमग्न मुलाच्या आईला पाहुणे विचारतात, "मग याच्यात काय स्पेशल आहे?" ज्याच्यात तसं काही नाही, त्याच्याकडे मग बघतही नाहीत. अणदूरमध्येही एका पाहुण्याने 'तारे जमीं पर'चं नाव काढलंच. तो सिनेमा डिस्लेक्सियावर आहे, हे मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

माझं निदान करताना जी मोजपट्टी वापरली, ती सिकंदराबादच्या एका राष्ट्रीय संस्थेत तयार झालेली. तिच्यात ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण आणि बेरीज ७० पासून पुढे गेली की स्वमग्नता. सारखेपणाचा आग्रह, असाधारण स्मरणशक्ती, एखादं विलक्षण कौशल्य, हे सगळं त्याच यादीत लक्षण म्हणून येतं. कानाला आवाज न सोसणं, हाही त्यातलाच मुद्दा. अणदूरवरून जाणारा ६५ क्रमांकाचा महामार्ग पुढे सिकंदराबादला लागून असलेल्या हैदराबादलाच जातो. रस्त्यावर उभी असताना माझ्या मनात आलं, माझे गुण मोजणारा कागद याच वाटेच्या त्या टोकाला तयार झाला आणि या टोकाला एक गाव तोच सारखेपणाचा आग्रह पिढ्यान्‌पिढ्या भक्तीने जपून आहे.

कराराबद्दल मी मैत्रिणीच्या भावाला खोदून खोदून विचारलं. त्याने कंटाळा केला नाही. "ताई, देव दोन गावांचा हाय. तोंडी ठिवलं तर आज ना उद्या भांडणं व्हतील. कागुद आसला म्हंजी कुणाच्या मनात काय ऱ्हात नाही. नेताना बी सुखानं नेतेत, धाडताना बी सुखानं धाडतेत." 'सुखानं धाडतेत', हे मी दोनदा म्हणून घेतलं. निरोप देणं मला फार जड जातं. पाहुणे उठले की मी आत निघून जाते, कारण ते नेमके कधी उठणार हे मला कुणी सांगितलेलं नसतं. इथे आख्खं गाव देवाला निरोप देतं आणि गावाचं मन शांत असतं, कारण परतीचं आधीच ठरलेलं आहे.

पालखीची रात्र मी शेजारच्या घराच्या गच्चीवरून पाहिली. दिवसा मी त्या गल्ल्यांतून चालून आले होते, कुठून उजेड येईल, गर्दी कुठे दाटेल, मला कुठून निसटता येईल, सगळं बघून. भावाने सांगून ठेवलं होतं की आधी हलगी वाजेल, मग गलका वाढेल, पालखी वळणावर आली की सगळ्यात मोठा आवाज होईल आणि मग तो रस्त्याकडे जात जात कमी होईल. झालंही तसंच. हलगीचा मला त्रास झाला नाही. ठेका एकदा कळला की पुढची थाप कुठे पडणार हे माहीत असतं, आणि माहीत असलेला आवाज मोठा असला तरी अंगावर येत नाही. मध्येच एक फटाका उडाला, तेव्हा मात्र मी खाली बसले, हातांनी कान दाबून. आजींची सून शेजारी येऊन बसली. "काय होतंय?" असं तिने विचारलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही. नुसती बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आता वळणाला आली बगा." मी उठले.

खाली दिव्यांच्या झोतात भंडारा हवेत उभा होता. उधळलेली हळद पडायच्या आधी दुसरी मूठ वर जात होती, त्यामुळे गल्लीवर एक पिवळा थर अधांतरी टिकून राहिला होता. त्याच्याखाली माणसं, त्याच्याखाली पालखी. पालखी पुढे सरकली तसा तो थर तिच्याबरोबर सरकला. अंधारात मला वही दिसत नव्हती. मी न बघता बोटांनी आखत गेले. ते पान आता माझ्यासमोर आहे. त्यावर चौकटी नाहीत. नेमाची सगळी कामं त्या दिवशी माझ्याऐवजी गावाने केली होती, म्हणून मला चौकट लागली नाही. माझ्या मोकळेपणाबद्दल ज्यांना शंका होती, त्यांना मी हे पान दाखवते.

दुसऱ्या दिवशी नळदुर्गाचा किल्ला पाहिला. ११४ बुरुजांचा हा अवाढव्य कोट मी काही सगळा फिरले नाही. मला बघायचा होता तो पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांध घालून बांधाच्या पोटातच हा महाल बांधला. पावसाळ्यात नदी भरली की पाणी नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून कोसळतं आणि आत बसलेला माणूस कोरडा राहून समोर पाण्याचा पडदा बघतो. मी गेले तेव्हा पाण्याला तो जोर नव्हता. मी सज्जात बसून राहिले. एवढा प्रचंड आवाज, एवढं पाणी, आणि बघणाऱ्याला बसायला एक कोरडी, सुरक्षित जागा. ज्यांनी बांध घातला, त्यांनी बघणाऱ्याचाही विचार केला होता. अशी जागा बांधता येते. आदल्या रात्री ती गच्चीही मला अशीच जागा होती.

याच अणदूरमध्ये, १९९३च्या किल्लारी भूकंपानंतरच्या काळात, हॅलो मेडिकल फाउंडेशनने मूळ धरलं. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी गावातल्या साध्या बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन 'भारतवैद्य' म्हणून उभं केलं. ज्या बायकांना डॉक्टरांपुढे बोलायची सवय नव्हती, त्या गावाची नाडी ओळखू लागल्या. मला हे इथे लिहावंसं वाटतं, कारण स्वमग्न मुलांसाठी आज जे काही आहे ते बहुतेक पुण्या-मुंबईत आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आली, प्रमाणपत्र मिळू लागलं. पण तुळजापूर तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर कोपऱ्यात बसून चिंचोके ओळीने मांडणारं पोर पहिल्यांदा कुणाला दिसणार? घरोघर जाणाऱ्या अशाच बाईला. तिला एवढंच शिकवावं की त्या पोराच्या चिंचोक्यांची ओळ मोडू नका, आधी ती नीट बघा.

मार्गशीर्षापासून पुढे वैशाखापर्यंत आपल्याकडे गावोगाव जत्रा भरतात. पत्रिका छापल्या जातात, त्यांवर देणगीदारांची आणि मानकऱ्यांची नावं असतात. तुम्ही पंच असाल, यात्रा कमिटीत असाल, तर त्या पत्रिकेवर आणखी तीन ओळींना जागा द्या. पालखी किती वाजता कुठल्या गल्लीत येईल, दारूकाम किती वाजता होईल, आणि ज्यांना गलका सोसत नाही त्यांना बसायला कुठलं घर किंवा कुठली गच्ची उघडी असेल. छपाईचा खर्च वाढणार नाही आणि तुमच्या गावातलं एखादं माणूस, जे दर वर्षी जत्रेच्या दिवशी दार लावून आत बसतं, ते यंदा देवाला निरोप द्यायला बाहेर येईल.